आभारप्रदर्शनानंतरची सुनावणी

आमच्या गावात कार्यक्रम सुरू कसा करायचा यावरून भांडणं होतात, पण तो संपला कधी याबद्दल वाद नसतो. आभारप्रदर्शन झालं की संपला. लोक उठतात, मंडपवाला खुर्च्या एकात एक घालू लागतो आणि जेवण असेल तर पंगत बसते. आभार मानून झाल्यावरही मंडपात कोणी दिसला तर तो झोपलेला असतो, नाहीतर त्याची चप्पल हरवलेली असते. या एका सवयीपायी आमच्या घरासमोरून कोळशाचा रस्ता जायची वेळ आली होती. ती टळली, म्हणून आज हे हसत लिहिता येतंय.

मी मूळची यवतमाळची. वडील कोर्टात बाबू, काका तहसिलीत. आमच्याकडे जेवतानासुद्धा बदली आणि पेन्शन याच गोष्टी निघायच्या. लग्न होऊन वणीजवळच्या या गावात, कापूस-तुरीच्या घरात आले आणि वणीच्या कॉलेजात शिकवायला लागले. त्यामुळे गावात मी मॅडम. पंधरा ऑगस्ट असो, सव्वीस जानेवारी असो, नाहीतर महिला मंडळाचं हळदीकुंकू, मॅडमचं भाषण ठरलेलं. ऐकत कोणी नाही, पण मॅडम बोलल्या नाहीत तर लोकांना कार्यक्रमात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

गावाच्या पूर्वेला कोळशाची खाण आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती लांब होती, आता तिचे मातीचे ढिगारे आमच्या गच्चीवरून दिसतात. उन्हाळ्यात वाळवण घालायचं तर वर धोतर पांघरावं लागतं. शेवटच्या वेच्यात कापूस वेचला की बोटं काळी होतात आणि बाजारात व्यापारी तो गाठोड्यातून बाहेर काढून नाक मुरडतो. या सगळ्याची आम्हाला सवय झाली होती. सवय झाली नाही ती माझ्या सासूबाईंच्या छातीला.

त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांना दमा आहे. हिवाळ्यात धुकं आणि धूळ एकत्र खाली बसली की त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजतो, आणि मग माझी नणंद यवतमाळहून गाडी पाठवून त्यांना घेऊन जाते. नणंदेचं घर चांगलं आहे, जावई देवमाणूस आहे, पण ते घर तिसऱ्या मजल्यावर. खाली उतरायचं तर कोणीतरी सोबत लागतं. इथे पहाटे उठून अंगण झाडणारी, तुरीच्या शेंगा सोलत अर्ध्या गावाची चौकशी करणारी बाई तिथे टीव्हीसमोर हात मांडीवर ठेवून बसते. होळीच्या सुमाराला परत येते ती निम्मी होऊन. दरवर्षी त्या गाडीत बसताना मला एकच सांगायच्या, "मले तिकडं मरू देऊ नको बरं."

अशात खाण वाढवायचं ठरलं. ग्रामपंचायतीत अहवाल येऊन पडला आणि त्यासोबत नकाशा. मी कॉलेजातून येता येता बघायला गेले. खाणीतून कोळसा नेणारा नवा रस्ता त्यात जाड रेघेने दाखवला होता, आणि ती रेघ मारुतीच्या देवळापासून आमच्या ओसरीच्या पुढून शाळेकडे गेली होती. रात्रंदिवस ट्रक. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "मंग आई काही आता परत येत नाही." म्हणजे यवतमाळला गेली की कायमची. आत्याबाई आत चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत एवढं खरं.

जनसुनावणी होणार होती, आमच्याच गावात, शाळेच्या पटांगणावर. जिल्ह्याचे साहेब येऊन बसणार, खाणवाले आपली बाजू सांगणार आणि मग लोकांनी बोलायचं. जे बोललं जाईल ते लिहून वर जाणार आणि त्यावरून पुढचं ठरणार. एवढं साधं. मी घरोघर फिरून सांगितलं की खाण तर काही थांबत नाही, पण रस्ता गावाबाहेरून न्या एवढं तरी सगळ्यांनी म्हणा. मागच्या बाजूला नाल्याकाठून पांदण, म्हणजे बैलगाडीची वाट आहे, तिकडून जाऊ द्या. सगळे म्हणाले, म्हणू. गाव एकदिलाने असं "म्हणू" म्हणालं की मला भीतीच वाटते.

आमचे मोठे मामाजी, म्हणजे आत्याबाईंचे थोरले भासरे, त्यांच्या नवऱ्याचे मोठे भाऊ, हे गावाचे कायमचे सूत्रसंचालक. लग्न, तेरवी, शाळेचं स्नेहसंमेलन, काहीही असो, माइक त्यांच्या हातात. त्यांना सुनावणी म्हणजे काय ते मी दोनदा समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवाचं काय?" मी म्हटलं, सुनावणीत जेवण नसतं. ते म्हणाले, "साहेब लोक गावात येतीन अन् उपाशी जातीन? आपल्या गावात असं झालं नाही आजलोक." झालं. वर्गणी न काढता, कोणी पीठ दिलं, कोणी वांगी दिली, आणि देवळामागे गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायचं ठरलं. ज्यांच्याविरुद्ध बोलायचं त्यांनाच रोडगे आणि वांग्याची भाजी. मी कपाळावर हात मारून घेतला.

सुनावणीच्या सकाळी मंडप भरला होता. मंडपवाल्याने चौकातल्या खांबावर आणि देवळावरही भोंगे बांधले होते, कारण लग्नात तो तसेच बांधतो. आत्याबाई डोक्यावरून पदर घेऊन बायकांत मागे बसल्या होत्या. साहेब आले. मोठ्या मामाजींनी लगेच माइक घेतला. दीपप्रज्वलन झालं. शाल-श्रीफळ झालं. खाणवाल्या साहेबांनाही शाल मिळाली, ते बिचारे गोंधळूनच गेले. त्यांना गावकऱ्यांच्या शिव्या खायची तयारी करून पाठवलं असणार.

मग खाणवाल्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. हिरवी झाडं, निळं पाणी, आणि आमच्या गावात कधी न दिसलेली पांढरीशुभ्र बगळ्यांची रांग. ते बोलून झाले. आता लोकांची पाळी. नेमका त्याच वेळी जिल्ह्याच्या साहेबांना फोन आला आणि ते उठून मंडपाच्या कडेला गेले. स्टेज रिकामं दिसलं, माइक मोकळा दिसला. मोठ्या मामाजींना राहवलं नाही.

त्यांचं आभारप्रदर्शन तालुक्यात प्रसिद्ध आहे. त्यांनी साहेबांचे आभार मानले, खाणवाल्यांचे मानले, मुख्याध्यापकांचे, मंडपवाल्याचे, लाइन न गेल्याबद्दल वीजवाल्यांचे, आणि पाऊस न आल्याबद्दल वरुणराजाचेही. मी पुढून हातवारे करत होते. त्यांना वाटलं, मी कोणाचं तरी नाव राहिलं म्हणून खुणावते आहे, म्हणून त्यांनी महिला मंडळाचेही आभार मानले. आणि शेवटी नेहमीचं वाक्य, "कार्यक्रम संपला असं जाहीर करतो. रोडगे गरम हायेत, जेवल्याबिगर कोणीही जाऊ नये."

टाळ्या झाल्या आणि अख्खं गाव उठलं. मी ओरडत होते, बसा, बसा, अजून तुमचं बोलणं व्हायचंय. लोक मला हसून, "हो मॅडम, जेवून येतो," म्हणत चालले होते. मंडपवाल्याने खुर्च्या एकात एक घालायला सुरुवातसुद्धा केली. त्याला संध्याकाळी मारेगावला लग्न होतं. मी त्याच्या हातातली खुर्ची ओढली. तो म्हणाला, "आभार झाले न मॅडम?"

फोन आटोपून साहेब आले तर समोर मैदान. त्यांनी आश्चर्याने विचारलं, "कोणालाच काही बोलायचं नाही?" मी धावत जाऊन सांगितलं की झालं ते असं झालं. साहेब भला माणूस होता. हसला. पण म्हणाला, "मॅडम, किती लोक हवेत असा काही नियम नाही. मी थोडा वेळ थांबतो. कोणी बोललं तर लिहून घेऊ. नाही बोललं तर तसं लिहू." तसं म्हणजे, कोणाचीही हरकत नाही. कोणाचाच कट नव्हता, कोणी दाबलं नव्हतं. गाव स्वतःच्याच चांगुलपणाने जेवायला गेलं होतं.

मग मी माइक घेतला. तयारी करून आले होते, मुद्दे पाठ होते. धूळ, शाळा, विहीर, रस्ता. भोंग्यांवरून माझा आवाज चौकात, देवळात, पंगतीत, सगळीकडे जात होता. मला वाटलं, आता येतील. कोणीही आलं नाही. नंतर कळलं की पंगतीत लोक म्हणत होते, "मॅडमचं भाषण सुरू झालं, म्हणजे अजून टाइम हाय. भाजी वाढा." वर्षानुवर्षं भाषणं करून मी काय कमावलं ते मला त्या दिवशी समजलं. मला राग आला, आणि खोटं कशाला बोलू, रडूही आलं.

तेवढ्यात मागून आत्याबाई उठल्या. त्या गर्दीत उठूच शकल्या नव्हत्या, धाप लागू नये म्हणून सगळे जाईपर्यंत बसून राहिल्या होत्या. त्या हळूहळू चालत स्टेजपाशी आल्या. मोठे मामाजी तिथेच उभे होते. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात भावजय थोरल्या भासऱ्यांसमोर बोलत नाही. समोर येत नाही, आली तर पदर पुढे ओढून, आणि काही सांगायचंच असेल तर तिसऱ्याच्या तोंडून. आत्याबाई नवी नवरी म्हणून आल्या तेव्हापासून मोठ्या मामाजींनी त्यांचा आवाज सरळ ऐकलेला नव्हता. मी तर असल्या प्रथांवर बरीच बडबड केलेली आहे. आत्याबाई त्यावर नुसत्या हसायच्या.

त्यांनी माझ्याकडे हात केला. मी माइक दिला. त्यांनी मोठ्या मामाजींकडे पाठ केली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मले बोलाचं हाय."

आधी श्वासच ऐकू आला, भोंग्यांमधून, अख्ख्या गावात. मग त्या साहेबांना म्हणाल्या, "तुमी वणीहून गाडीत आले न बाबा? काचा लावून आले काय उघड्या ठेवून?"

साहेब म्हणाले, "लावून आलो, आजी."

"काहून?"

"धूळ होती."

"मंग आमी कोणती काच लावाची?" एवढं बोलून त्यांना खोकला आला. तो बराच वेळ चालला. मी पाठीवरून हात फिरवत होते आणि माइक बाजूला करायचं मला भानच राहिलं नाही.

पंगतीत काय झालं ते मला नवऱ्याने नंतर सांगितलं. पहिल्या वाक्यालाच वाढणारा थांबला. कोणीतरी विचारलं, कोण बाई बोलून राह्यली? दुसरा म्हणाला, आवाज कधी ऐकला नाही. मग कोणीतरी ओळखलं, आणि "अरे, भासऱ्यासमोर बोलून राह्यली व माय," असं म्हणत बायका आधी उठल्या. मागोमाग माणसं. कोणाचे हात खरकटे, कोणाच्या हातात तुटका रोडगा. हे सगळं रस्त्याच्या काळजीने आलं असं मी म्हणणार नाही. निम्मं गाव नुसतं नवल बघायला आलं होतं. मला चालत होतं. मंडपवाल्याने न सांगता खुर्च्या परत मांडल्या.

आत्याबाई पुढे बोलल्या त्या जमलेल्या लोकांकडे बघून नव्हेच, साहेबांकडेच बघून. "खान तुमची हाय, करा मोठी. पर रस्ता माह्या दारातून नेला तर मले पोरीकडं जाऊन राहा लागते. पोरगी चांगली हाय. पर थे तिचं घर हाय. मायं घर इथं हाय. पांदणीकडून न्या. फेरा पडंन थोडा. टरकाले कायचा दम लागते?"

लोक हसले. साहेबही हसले, पण त्यांनी बाजूच्या बाबूला सांगितलं, हे सगळं लिहा, जसंच्या तसं. मग मात्र जो तो बोलायला लागला. माणसं माइकपुढे रांगेत उभी राहिली, खरकटे हात मागे धरून. सगळं मुद्द्याला धरून होतं असं नाही. एकाने मुलाला खाणीत नोकरी मागितली. एकाने नळाची तक्रार केली, जिचा खाणीशी काही संबंध नव्हता. एका म्हाताऱ्याने साहेबांना त्यांचं मूळ गाव विचारलं. पण बोलून झालं की प्रत्येक जण शेवटी म्हणायचा, "अन् रस्ता पांदणीकडून." शाळेच्या बाईंनी पोरांचं सांगितलं. एकाने कापसाचं बोंडच पुढे करून असं सांगितलं की खाणवाले साहेब स्वतः उठून ते हातात घेऊन बघायला लागले. शेवटी साहेबांनी लिहिलेलं सगळं मराठीत वाचून दाखवलं, आणि आत्याबाईंचं म्हणणं आलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर आभार मानायला कोणीच उठलं नाही. मोठे मामाजी माइकपासून लांब, मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या अंगणात आले. आत्याबाई पदर ओढून आत, दाराआड. मी मध्ये. मोठे मामाजी तुळशीकडे बघत मला म्हणाले, "तुह्या सासूले सांग, चांगली बोलली म्हणा."

मी सांगायची गरज नव्हती, दाराआडून उत्तर आलं, तेही मलाच उद्देशून. "सांग त्यांले, आभाराची एवढी घाई करत जाऊ नका म्हणा." मोठे मामाजी हसत हसत गेले. प्रथा काही मोडली नाही. मीही त्यावर काही बोलले नाही, कारण माझं हसू थांबत नव्हतं.

त्यानंतर वाट बघणं सुरू झालं. ते सुनावणीपेक्षा वाईट. गावात बातम्या उठायच्या, रस्ता इकडूनच, नाही तिकडून. एकदा कोणीतरी माप घ्यायला आलं तर ओसरीपुढे खुंटी ठोकतात की काय म्हणून मी कॉलेजला गेलेच नाही. आत्याबाई मात्र त्याबद्दल शब्द काढत नव्हत्या. मधला हिवाळा त्यांना यवतमाळला काढावा लागलाच. गाडीत बसताना त्यांनी घराकडे असं बघितलं की मी आत निघून आले.

आणि मग एक दिवस ग्रामपंचायतीत नवा नकाशा आला. नवऱ्याने फोन केला तेव्हा मी वर्गात होते. खाण वाढवायला परवानगी मिळाली होती, पण त्यात अट होती. कोळशाचा रस्ता वस्तीतून न्यायचा नाही, नाल्याकडून न्यायचा, आणि ट्रकवर ताडपत्री. मी शिकवता शिकवता खुर्चीवर बसले. मुलांना वाटलं मॅडमना चक्कर आली. कोणीतरी पाणी आणलं. मी ते सगळं प्यायले.

खाण गेलेली नाही. ढिगारे वाढतच आहेत, वाळवणावर धोतर अजून पांघरावं लागतं. पण ट्रक नाल्यापलीकडून जातात, गाव आणि ते यांच्यामध्ये आता तुरीची शेतं आहेत. हा पहिलाच हिवाळा. धुकं पडतं आणि वर उठून जातं. आत्याबाईंचा श्वास रात्री कधी कधी वाजतो, औषध घेतल्यावर थांबतो. डॉक्टर म्हणाले, इथे राहायला हरकत नाही. मी त्यांना तेच दोनदा म्हणायला लावलं.

परवा नणंदेचा फोन आला. आत्याबाई ओसरीवर शेंगा सोलत होत्या. मी फोन त्यांच्या कानाला लावला. नणंद दरवर्षीसारखंच म्हणाली, "आई, तयारी झाली काय? उद्या गाडी पाठवतो."

"पाठव," आत्याबाई म्हणाल्या. मी चमकून बघितलं. त्यांनी हातातली शेंग सोलून होऊ दिली. "पर रिकामी नको पाठवू. तूच ये बसून. लय वर्सं झाली, हिवाळ्यात तुले माहेर नाही भेटलं."

मग नणंद म्हणाली, "येतो व आई," आणि रडायला लागली.